येणाऱ्या स्पोर्ट्स कार: किंमत किती आणि हातात कधी?

वळणवाट

टोयोटाने डिसेंबर २०२५ मध्ये जीआर जीटी ही नवी स्पोर्ट्स कार दाखवली तेव्हापासून जो तो एकच विचारतोय, "केवढ्याला पडणार?" कंपनीने किंमत सांगितलेली नाही. सांगितलंय ते एवढंच: चार लिटरचं ट्विन टर्बो व्ही८ (आठ सिलिंडरचं इंजिन), जोडीला एक इलेक्ट्रिक मोटर, मिळून किमान ६५० पीएस (म्हणजे जवळपास तेवढेच घोडे), वजन १,७५० किलोच्या आत ठेवायचा बेत, सांगाडा ॲल्युमिनियमचा आणि विक्री २०२७ च्या आसपास. बाकी सगळ्या पुड्या.

आपणही पुड्याच सोडूया, पण हिशेबाने. माझं मत आधीच सांगून टाकतो. हॉर्सपॉवर मोजून किंमत सांगता येत नाही. त्या कंपनीच्या शिडीवर गाडी कुठल्या पायरीवर ठेवायची आहे आणि वर्षाला किती बनवायच्या आहेत, हे कळलं की आकडा बराचसा हाती लागतो.

जीएमची सी८, म्हणजे आठव्या पिढीची, कॉर्व्हेट आठवा. इंजिन सीटच्या मागे जाणार हे नक्की झाल्यावर भले भले म्हणत होते की आता ही फेरारीच्या गल्लीत गेली, नेहमीच्या गिऱ्हाइकाने विसरावं. जुलै २०१९ मध्ये आकडा आला तो ६० हजार डॉलरच्या आत, म्हणजे आधीच्या सी७ पेक्षा जेमतेम काही हजार जास्त. कारण साधं. केंटकीतल्या बोलिंग ग्रीनच्या कारखान्यात ही गाडी हजारोंनी बनते आणि ते हजारो लोक एका रात्रीत दुप्पट पैसे मोजायला तयार होणार नव्हते. मॅन्युअल गिअरबॉक्सला कात्री लावली, सगळ्यांना एकच ड्युअल क्लच, गिअर आपोआप बदलणारा. गिअरशौकीन चिडले, पण एकाच गिअरबॉक्सचा खर्च सगळ्या गाड्यांवर वाटला गेला.

पुढच्या पायऱ्याही बघा. याच कॉर्व्हेटची झेड०६ आली १,०६,३९५ डॉलरला, ई-रे १,०४,२९५ ला. एकीत ८,६०० आरपीएमपर्यंत ओरडणारं इंजिन, दुसरीत पुढच्या चाकांना मोटर. आतली यंत्रं पूर्ण वेगळी आणि पायरी जवळपास एकच.

तर लावा अंदाज. आकड्यासोबत कारणही द्या, नुसता आकडा नको.

रेडलाइन

एवढी शिडीबिडी कशाला? कॉर्व्हेट झेडआर१ मध्ये १,०६४ घोडे आहेत आणि ती बाजारात आली तेव्हा १,७४,९९५ डॉलरपासून सुरू होत होती. ६५० घोड्यांसाठी टोयोटा त्याच्या वर मागायला लागली तर घेणार कोण? शिवाय जपानी कंपन्यांचा खेळच वेगळा. निस्सानने २००८ मध्ये जीटी-आर अमेरिकेत ६९,८५० ला आणली तेव्हा पोर्शवाल्यांची झोप उडाली होती. माझा आकडा १,४९,०००. लिहून ठेवा.

वळणवाट

जीटी-आरचा दाखला देताय तर अर्धाच का देता? तीच जीटी-आर (आर३५ पिढी) शेवटी शेवटी अमेरिकेत १,२०,००० च्या वर सुरू होत होती. ऑगस्ट २०२५ मध्ये उत्पादन थांबलं तोवर साधारण ४८ हजार गाड्या बनल्या होत्या. म्हणजे अठरा वर्षं एकाच सांगाड्याचा खर्च वसूल होत राहिला. आणि ती तोचिगीच्या कारखान्यात कंपनीच्या इतर गाड्यांबरोबर एकाच लाइनवर बनायची. जीआर जीटीचा सांगाडा नवा, इंजिन नवं, गिअरबॉक्स मागच्या बाजूला. यातलं काय काय आणखी कुठल्या गाडीत जाणार आहे, त्यावर सगळं अवलंबून.

जपानी म्हणजे स्वस्त हे समीकरण तर मुळातच चूक. टोयोटाच्याच लेक्ससची एलएफए ३,७५,००० डॉलरची होती. फक्त ५०० बनवल्या, आणि अमेरिकेत त्यातल्या काही कित्येक वर्षं शोरूममध्येच उभ्या होत्या. होंडाच्या एनएसएक्सची दुसरी पिढी घ्या. १,५६,००० ला आली, तीन मोटरींचं हायब्रिड होतं, तंत्रज्ञानाला कोणी नावं ठेवली नाहीत. २०२२ मध्ये बंद झाली तोवर जगभरात मिळून तीन हजारसुद्धा बनल्या नाहीत. त्या पैशात लोकांना पोर्श हवी होती.

कागदोपत्री

किमतीचं तुमचं चालू द्या. मला तारखेबद्दल बोलायचंय, कारण किमतीपेक्षा तारखा जास्त फसवतात.

कंपनी "२०२७ च्या आसपास" म्हणते तेव्हा त्यातल्या "आसपास"कडे नीट बघा. स्टेजवर गाडी उभी करायला फार काही लागत नाही. ती विकायला धुराची, आवाजाची, धडकेची, हल्ली तर सायबर सुरक्षेचीही प्रमाणपत्रं लागतात. पेट्रोलवरची पोर्श ७१८ युरोपातून २०२४ मध्ये गेली ती गिऱ्हाईक नव्हतं म्हणून नाही. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या सायबर सुरक्षेच्या नियमात तिची जुनी इलेक्ट्रॉनिक रचना बसेना आणि एवढ्यासाठी ती बदलणं परवडेना.

सगळ्यात बोलकं उदाहरण मर्सिडीज-एएमजी वनचं. सप्टेंबर २०१७ मध्ये फ्रँकफर्टला दाखवली. फॉर्म्युला वनचं १.६ लिटरचं व्ही६ रस्त्यावरच्या गाडीत घालायचं, २७५ गाड्या, किंमत साधारण २३ लाख युरो, कर वेगळा. कागदावर सोपं आहे. पण ते इंजिन शर्यतीत नुसतं उभं असताना पाच हजारांच्या आसपास फिरतं. सिग्नलला थांबलेल्या गाडीत ते चालत नाही, १,२०० वर आणावं लागलं. तेवढ्या कमी फेऱ्यांवर इंजिन घडघडू न देता चालवायचं आणि वर धुराची मर्यादाही पाळायची, यात वर्षं गेली. उत्पादन सुरू व्हायला २०२२ उजाडलं. कंपनीच्या प्रमुखांनीच गमतीत म्हटलं होतं की होकार दिला तेव्हा आम्ही सगळे प्यायलेले असणार.

म्हणून माझा साधा नियम: इंजिन आधीपासून कुठल्या तरी गाडीत चालू असेल तर सांगितलेल्या तारखेत सहा महिने मिळवा. इंजिन नवं असेल तर वर्ष-दीड वर्ष. शर्यतीतून उचललेलं असेल तर तारीख विसरा.

स्टिअरिंगवाली

कागदोपत्री, सहमत. पण चोरून काढलेल्या फोटोंवरूनही बरंच कळतं. जर्मनीतल्या नुरबुर्गरिंग ट्रॅकवर चाचणीच्या गाड्या पळतात ना, त्यातल्या काहींच्या काचेवर किंवा अंगावर पिवळा गोल स्टिकर दिसेल. आत मोठ्या व्होल्टेजची बॅटरी आहे, अपघात झाला तर वाचवायला जाणाऱ्याने जपून हात घालावा, एवढ्यासाठी तो असतो. कंपनी हायब्रिडबद्दल तोंड उघडत नाही तेव्हा तो स्टिकर बोलतो.

दुसरं म्हणजे दिवे. अगदी सुरुवातीच्या चाचणीत दुसऱ्याच गाडीचं शरीर कापून-जोडून वापरतात. सी८ चं पहिलं चाचणीवाहन तर लांबून मागे हौदा असलेली ऑस्ट्रेलियातली होल्डन गाडी वाटेल असं बनवलं होतं, जीएमच्या लोकांनी नंतर ते स्वतःच दाखवलं. त्यानंतर खरं शरीर येतं, पण दिवे कामचलाऊ, पट्ट्या चिकटवून लपवलेले. नागमोडी नक्षीच्या कागदाखालून खरे हेडलाइट डोकावायला लागले, कडेच्या फटी एकसारख्या दिसायला लागल्या, की समजायचं साचे तयार झालेत. साचे झाले म्हणजे पैसा ओतला गेलाय. तिथून मागे फिरणारी कंपनी क्वचितच.

जीआर जीटी त्या टप्प्यावर आहे असं मला वाटतं. शिवाय तिच्याच जोडीने जीटी३ या शर्यतीच्या वर्गातली गाडी तयार होतेय आणि जीटी३ ला रस्त्यावरची गाडी पाठीशी लागतेच. म्हणून २०२७ फार घसरणार नाही.

मंदगती

तारखांचा विषय निघाला आणि टेस्ला रोडस्टरचं नाव कोणी काढलं नाही? दंडवत तुमच्या संयमाला.

नोव्हेंबर २०१७ मध्ये दाखवली. दोन लाख डॉलर, बुकिंगला ५० हजार. पहिल्या हजार 'फाउंडर्स' गाड्यांसाठी अडीच लाख आणि तेही सगळे आधी. गाडी २०२० मध्ये देणार होते. मग २०२४ मध्ये म्हणाले वर्षाअखेर अनावरण, २०२५ मध्ये गाडी. तेही गेलं. नोव्हेंबर २०२५ च्या भागधारकांच्या बैठकीत अनावरणाची नवी तारीख सांगितली, १ एप्रिल २०२६, आणि उत्पादन त्यानंतर वर्ष-दीड वर्षाने. १ एप्रिलच का, तर उद्या नाही जमलं तर गंमत केली म्हणता येईल, हा विनोदही तिथेच करून झाला.

पन्नास हजारांवर व्याज नाही, गाडीही नाही. हाकानाका.

टॉर्कमास्तर

मंदगती, बुकिंगच्या पैशांचं दुखणं रोडस्टरच्या आधी तीस वर्षांचं आहे. जॅग्वार एक्सजे२२० ची कथा इथे सांगायलाच हवी, कारण किंमत, तारीख आणि सट्टा, तिन्ही तिच्यात एकत्र सापडतात.

१९८८ मध्ये बर्मिंगहॅमच्या मोटर शोमध्ये पांढरपेशा जॅग्वारने अचानक एक राक्षस उभा केला. व्ही१२ इंजिन, चारही चाकांना ताकद, ताशी २२० मैलांचं स्वप्न. लोक वेडे झाले. १९८९ च्या शेवटी कंपनीने जाहीर केलं: किंमत २,९०,००० पौंड, कर वेगळा, बुकिंगला ५० हजार पौंड, जास्तीत जास्त ३५० गाड्या. अर्जदार हजारावर. त्यातले किती जण गाडी चालवणार होते आणि किती जण नुसती रांगेतली जागा विकणार होते, हे तुम्हीच ओळखा. तो काळच तसा होता. जुन्या फेरारींचे भाव महिन्यागणिक चढत होते आणि बुकिंगचा कागद हातात असणं म्हणजे चेक हातात असण्यासारखं होतं.

मग दोन गोष्टी झाल्या. पहिली कारखान्यात: व्ही१२ गेलं, त्याजागी साडेतीन लिटरचं ट्विन टर्बो व्ही६ आलं, आणि ताकद फक्त मागच्या चाकांना. खरं सांगायचं तर गाडी त्यामुळे हलकी झाली आणि पळालीही तुफान, पण नोंदणी करताना लोकांच्या डोळ्यांपुढे बारा सिलिंडर होते. दुसरी बाजारात: १९९० नंतर मंदी आली आणि सट्ट्याचा फुगा फुटला. त्यात किंमत महागाईशी बांधलेली. गाडी १९९२ मध्ये मिळायला लागली तेव्हा ती चार लाख पौंडांच्या पुढे गेली होती. ज्यांनी विकायलाच घेतली होती त्यांना आता विकत घेणारा मिळेना. प्रकरणं कोर्टात गेली, काहींनी पैसे भरून सुटका करून घेतली, आणि शेवटी बनल्या साधारण पावणेतीनशे.

गाडी वाईट नव्हती. करार वाईट होता. म्हणून नव्या गाडीचं बुकिंग उघडलं की मी घोडे मोजत नाही. किंमत गोठवलेली आहे की पुढे बदलू शकते, पैसे परत मिळण्याची अट काय आणि इंजिन बदललं तर माघार घेता येते का, एवढं आधी वाचतो.

रेडलाइन

मास्तर, भारी. पण ती मंदी होती. आता कुठे मंदी आहे?

टॉर्कमास्तर

१९८९ मध्येही नव्हती.

स्टिअरिंगवाली

आणि इंजिन बदलण्याची गंमत अजून चालूच आहे. ॲस्टन मार्टिनची वल्हाला २०१९ मध्ये जिनिव्हाला दाखवली तेव्हा कंपनी स्वतःचं व्ही६ बनवणार होती, गाड्या ५००. आता आली ती एएमजीच्या व्ही८ वर आणि गाड्या ९९९. मला विचाराल तर व्ही८ चांगलंच, पण ज्यांनी '५०० पैकी एक' म्हणून रांग लावली त्यांचं काय?

कागदोपत्री

आकड्यांचं म्हणाल तर फेरारी एफ४० सांगून झाली होती ४०० ची आणि बनल्या १,३०० च्या वर. तरी आज तिला कोणी भरपूर म्हणत नाही!

परत किमतीकडे येतो, कारण रेडलाइन सगळे आकडे अमेरिकेतले देताहेत आणि त्यात एक मेख आहे. तिथे नव्या गाडीच्या काचेवर कायद्याने एक कागद चिकटवलेला असतो, १९५८ पासून. वर मूळ किंमत. खाली एकेक ऑप्शन: कार्बनची चाकं, सिरॅमिक ब्रेक, वेगळ्या रंगाचे शिवणटाके. मग डीलरपर्यंत आणण्याचा खर्च, जो जाहिरातीतल्या आकड्यात कधी धरलेला असतो, कधी नसतो. मग जास्त पेट्रोल पिणाऱ्या कारवरचा कर, एक हजारापासून ७,७०० डॉलरपर्यंत. सगळ्यात खाली बेरीज. इथपर्यंत कंपनीचं.

आणि शेजारी दुसरा कागद, डीलरने छापलेला. त्यावर 'मार्केट ॲडजस्टमेंट' आणि एक रक्कम. ती कशाची, याचा तपशील नाही. डीलर स्वतंत्र व्यावसायिक असतो, कंपनी त्याला किंमत सुचवू शकते, बांधून घालू शकत नाही. म्हणून नव्या स्पोर्ट्स कारची जाहीर किंमत ही पहिल्या वर्षी फार थोड्यांच्या वाट्याला येते.

कंपन्या आपल्या परीने लगाम घालतात. डॉजने डीमन या गाडीच्या वेळी सांगितलं की छापील किमतीत किंवा खाली विकलेल्या गाड्या आधी बनवू. जीएमने झेड०६ वर्षभर न विकणाऱ्यांना पाच लाख रिवॉर्ड पॉइंट दिले, म्हणजे पाच हजार डॉलर. फोर्डने जीटी या गाडीसाठी तर अर्जच मागवले. पहिल्या ५०० साठी साडेसहा हजार अर्ज आले. दोन वर्षं विकायची नाही अशी अट घातली, आणि कुस्तीपटू जॉन सीनाने ती मोडल्यावर त्याच्यावर दावा लावला. २०१८ मध्ये तडजोड झाली. आता मस्टँग जीटीडीलाही अर्जच. तिची किंमत दाखवताना "साधारण तीन लाख" सांगितली होती. विक्रीच्या वेळी सव्वातीन लाखांच्या वर गेली. "साधारण"चा अर्थ कायम वरच्या बाजूलाच असतो, हे नोंदवून ठेवा.

मंदगती

थोडक्यात, गाडी घेऊन लगेच विकून पैसे करायचे असतील तर?

वळणवाट

तर पोर्श ९११ आर आठवा. २०१६, ९९१ गाड्या, मॅन्युअल गिअरबॉक्स, छापील किंमत १,८४,९०० डॉलर. कंपनी आता असं काही करणार नाही या भरवशावर लोकांनी कित्येक पटींनी पैसे मागायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी पोर्शने जीटी३ ला मॅन्युअल दिला, वर टूरिंग पॅकेजही आणलं, मोठ्या पंखाशिवाय. दिसायला-चालवायला बरीचशी तीच. आरचे भाव धाडकन खाली आले. दुर्मिळ काय ते कंपनी ठरवते आणि तिचं मत बदलू शकतं.

उलटंही होतं. मॅक्लारेन एफ१ नवी असताना ५,४०,००० पौंडांना खपवताना नाकी नऊ आले, सगळ्या मिळून १०६ बनल्या. २०२१ मध्ये त्यातली एक गाडी दोन कोटी डॉलरच्या वर गेली. पण तोवर तीस वर्षं सांभाळायला हवी ना.

स्टिअरिंगवाली

त्याहून वरच्या गाड्यांच्या किमतीवर अंदाज बांधण्यात अर्थच नाही. फेरारी एफ८०, ७९९ गाड्या, ३६ लाख युरो. मॅक्लारेन डब्ल्यू१, ३९९ गाड्या, २० लाख पौंड. तुम्हाआम्हाला फोटो दिसला तेव्हा सगळं वाटून झालं होतं. घेणाऱ्यांना किंमत खाजगीत आधीच माहीत असते.

फेरारीच्या इलेक्ट्रिकचंच बघा. २०२४ मध्ये बातमी फुटली, पाच लाख युरोच्या वर जाणार. कंपनीच्या प्रमुखांचं त्यावर म्हणणं, गाडी अजून पाहिलीच नाही ती माणसं किंमत कशी सांगतात! मला तर वाटतं असे आकडे फुटलेले कंपन्यांना आवडतात. लोक पाच लाख ऐकून आधी ओरडून घेतात, नंतर खरा आकडा आला की कोणाला धक्का बसत नाही.

रेडलाइन

बरं, एवढं पारायण झालं. आता जीआर जीटीचे आकडे टाका. माझा १,४९,००० वरून १,७५,००० केला. झेडआर१ च्या वर टोयोटा जाणार नाही यावर ठाम.

कागदोपत्री

आयात कर विसरू नका. जपानहून अमेरिकेत जाणाऱ्या गाडीवर आता १५ टक्के आहे, २०२५ च्या आधी अडीच होता. कॉर्व्हेट तिथेच बनते. ही तुलना इथेच लंगडी पडते. माझा अंदाज २,१०,०००, आणि पहिली गाडी गिऱ्हाइकाला २०२७ संपताना.

वळणवाट

मी शेजारी कोण आहे ते बघतो. खाली एएमजी जीटी ६३, पावणेदोन लाखांच्या आसपास. वर ९११ टर्बो एस, नवी २,७०,३०० ला. आधीची २,३०,४०० ला होती, म्हणजे पोर्शने स्वतःच मधली जागा मोकळी करून दिली. टोयोटाला वर्षाला थोड्याच गाड्या बनवायच्या आहेत, तोटा सोसून नाव कमवायची हौस एलएफएच्या वेळी फिटली. २,२५,०००. पहिल्या वर्षी डीलरचा दुसरा कागद वेगळा.

टॉर्कमास्तर

२,४०,०००. आणि शर्यतीची जीटी३ ट्रॅकवर पहिली शर्यत जिंकली की त्यात दहा हजार मिळवा.

मंदगती

आठ गतींचा ऑटोमॅटिक आहे म्हणे, मॅन्युअल नाहीच. मग माझ्याकडून शून्य. ज्याला घ्यायची त्याने घ्यावी, मी तीन वर्षांनी वापरलेली बघेन.

रेडलाइन

तीन वर्षांनी ती महाग झाली असली तर?

मंदगती

तर तुमच्याकडे मागायला येईन. तुम्ही १,७५,००० ला घेतलेली असणारच की.